भास्करदादा नेमका कोणाचा?

भास्करदादा कुठल्याही मंडळीत गिटार घेऊन बसला की आधी त्यांची पेटी ऐकायचा आणि मग आपल्या तारा तिच्याशी जुळवून घ्यायचा. पेटी उतरलेली असली तरी. पेटीवाला ओशाळला तर म्हणायचा, "तुमचे सूर काही हालत नाहीत, भाऊ. माह्या तारा हालतात. मीच येतो तुमच्याकडे."

मला याचा संताप यायचा. भूमिका घेतलेल्या माणसाने जागचं हलू नये, असं मी प्रत्येक पत्रकात छापत होतो!

नांदुऱ्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आमच्या आंबेडकरी जलशात तो तीन वर्षं भीमगीतांना साथ करत होता. पण तोच गुरुवारी भजनी मंडळात, उरुसात कव्वालांच्या मागे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. "दादा, तू नेमका कोणाचा?" मी विचारायचो.

"अजून शिकून राह्यलो बे. कव्वालीत टाळी कुठं पडते हेच मले वर्षभर समजलं नाही, अन् तू कोणाचा म्हणून इचारतं!"

वरवट बकाल गावातल्या जलशात मुलींच्या शिक्षणावरचं माझं गाणं होतं. शब्द न शब्द तोलून लिहिलेला. धृपदावर दादाने गिटार सरळ कव्वालीच्या ठेक्यात नेली. पुढे बसलेल्या बाया आमच्या कार्यक्रमात कधी तोंड उघडत नसत. त्यांनी टाळ्या धरल्या आणि धृपदच उचललं. चार वेळा, पाच वेळा. पुढचं कडवं येईचना. मी माइक ओढला आणि सुनावलं, "ही करमणूक नाही, प्रबोधन आहे!"

टाळ्या थांबल्या. एक म्हणाली, "काऊन थांबवलं रे भाऊ? आत्ता कुठं तोंडात बसून राह्यलं होतं."

आठवड्याने बैठकीत मी ठराव मांडला: आमच्यात वाजवायचं तर फक्त आमच्यातच. ठराव मंजूर झाला. सांगायलाही मीच गेलो. दादा पंख्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता.

"म्हंजे भजन सोडू?"

"हो."

"कव्वाली?"

"तीही."

"मंग तुह्या गाण्यात काय वाजवू? तिथूनच तं आणतो मी."

मी आवाज चढवला. तो चिडला नाही. "काढ मंग माह्यं नाव. राग नाही तुह्यावर. पण मले अर्धं वाजवता येत नाही."

मी नाव काढलं.

पुढचा जलसा त्याच्याविना झाला. गाणं लिहिलं होतं तसंच्या तसं झालं, मध्येच कोणी ठेका बदलला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना त्यानेच हाक मारली.

"जय भीम! कसा झाला बे?"

"जय भीम. शिस्तीत झाला."

"बाया गायल्या?"

मी गाडीला किक मारली आणि निघालो.

ठराव चुकला असं मला आजही म्हणवत नाही; बरोबर होता असंही नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे. ते द्यायला मी अजून त्या दुकानाची पायरी चढलेलो नाही.