मुदत मागणारे वकीलसाहेब

कोणताही कागद हातात आला की वकीलसाहेब आधी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघायचे. मग तो दाव्याचा कागद असो, लग्नाची पत्रिका असो की डॉक्टरची चिठ्ठी. "लपवाचं असते ते लोक मांगच लिवतेत, भाऊ," असं म्हणायचे आणि मग चष्मा लावून पुढची बाजू वाचायला घ्यायचे.

ही सवय मी त्यांच्याकडूनच उचलली आणि पहिल्यांदा चालवली ती त्यांच्यावरच.

चिखलीच्या कोर्टात त्यांच्याकडे माझा वाटणीचा दावा होता, सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध. अर्धं घर, अर्धं अंगण आणि रस्त्याकडच्या शेतातला अर्धा तुकडा एवढंच माझं मागणं. भावाला घाई नव्हती, कारण सगळा कारभार त्याच्या हातात होता. आई कोणाच्याच बाजूने बोलत नसे.

वकीलसाहेबांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कपाळावर ठळक गंध. अर्धांगाने पडलेल्या वडिलांना रोज स्वतःच्या हाताने आंघोळ घालून, त्यांना स्तोत्र ऐकवून मगच कोर्टात यायचे. दुपारी नागपूरहून मुलीचा फोन आला आणि ती जेवली असं कळलं की मगच यांचा डबा उघडायचा. दर मंगळवारी कोर्ट सुटलं की बायकोला स्कूटरवर मागे बसवून अमडापूरच्या देवीला. मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. एवढा सरळ माणूस वकिली कशी करतो, हा माझा पहिला संशय.

दुसरा संशय मुदतीचा. तारीख आली की साहेब उभे राहायचे आणि नम्रपणे मुदत मागायचे. कधी नकाशा यायचा असे, कधी उताऱ्यावरचं नाव तपासायचं असे, तर कधी त्यांचं पोट बिघडलेलं असे. समोरचा वकील मुदत मागतो हे मी ऐकलं होतं. इथे माझाच वकील मागत होता आणि समोरचा खुशीत मान हलवत होता.

"साहेब, कागद तं तयार हायेत ना?"

"तयार हायेत."

"मंग मुदत काऊन मांगता?"

"पिकू दे भाऊ, पिकू दे. कच्चा तोडला तं तुरट लागते."

दावा म्हणजे काय सीताफळ आहे? पण त्यांच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती.

मग एका मंगळवारी बियाणं आणायला मी अमडापूरला गेलो होतो. देवीच्या पायऱ्यांपाशी वकीलसाहेबांची स्कूटर आणि तिच्या शेजारी माझ्या भावाची मोटरसायकल. भाऊ खाली उभा. साहेब पायऱ्या उतरत आले, त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला, हातावर प्रसाद दिला. मी रसवंतीच्या आडोशाला उभा राहून सगळं पाहिलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वकील त्याच दिवशी बदलायला हवा होता. पण मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं. त्यानंतर मी त्यांच्या टेबलाशी बसायचो ते त्यांच्याकडे लक्ष ठेवायला. ते माझ्या तब्येतीची चौकशी करायचे आणि मी त्यातही काही डाव आहे का ते शोधायचो. घरी आई ताटात भाकर वाढताना विचारायची, "का झालं रे तारखीचं?" मी म्हणायचो, "पुढं गेली." ती आणखी एक भाकर वाढायची.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी आई गेली.

तेरवीच्या दिवशी वकीलसाहेब बायकोला घेऊन आले. पंगत उठल्यावर त्यांनी आम्हा दोघा भावांना अंगणात समोर बसवलं आणि पिशवीतून माझी फाईल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुह्या मायनं देवीपुढं माह्याकडून शब्द घेतला होता," ते म्हणाले. "म्हने, मी जिती हावो तवरोक या आंगनात भित उभी नोको राहू देऊ. वकील मी तुहा होतो. ऐकलं तिचं."

भावाने मान खाली घातली. दावा लागल्यापासून आईला मोटरसायकलवर देवीला तोच नेत होता; मी पाहिलं त्या मंगळवारीही ती वर देवळातच होती. ती देवळात काय बोलली हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"म्हंजे तीन वर्सं तुमी मले फसवलं?"

"हाव," साहेब म्हणाले. "फसवलं. माह्यी चूक हाये. वरती तक्रार कराची असंन तं अर्ज मीच लिहून देतो. आता दुसरा वकील पाह्य."

मी नको नको ते बोललो. त्यांच्या बायकोसमोर बोललो. ते ऐकत राहिले, मग चपला घालून निघून गेले. दुसऱ्या वकिलाने वर्षाच्या आत वाटणी करून दिली आणि अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. पुढे वकीलसाहेब बाजारात दिसले तरी मी रस्ता बदलायचो. ते वारल्याचं कळलं तेव्हा चिखली अर्ध्या तासावर होती, तरी मी गेलो नाही. याची आज लाज वाटते.

माझा संशय खरा निघाला होता, यात शंका नाही. पण तो खरा निघाल्याचं समाधान मला कधीच मिळालं नाही.

आता माझी दोन्ही मुलं वाटणी मागताहेत. थोरल्याने चिखलीत दावा लावलाय. मागच्या आठवड्यात मी मुलांना न सांगता एसटीने गेलो आणि थोरल्याच्या वकिलाला गाठलं. तरुण पोरगा, हुशार, बोलायला स्वच्छ. त्याच्याविषयी संशय घ्यावा असं काहीच नव्हतं. मी बराच वेळ शब्द जुळवत बसलो.

"बोला ना काका, काय काम होतं?"

"ते मुदतीचं जरा..." मी म्हणालो. "मी हावो तवरोक..."

त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काका, तुम्ही काही काळजीच करू नका," तो हसून म्हणाला. "मी एकही तारीख वाया जाऊ देणार नाही."