टमटम चालू असताना दिलेला होकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डबे वाटून येताना टमटममध्ये डिझेल भरणं. टाकी अर्ध्याच्या वर होती, तरी मी पंपाकडं वळवली. मागच्या सीटवर रिकाम्या डब्यांच्या पिशव्यांमध्ये बसलेली बायको म्हणाली, "भरा, भरा. माझ्या सवतीला उपाशी ठेवू नका. मला मेलीला दुपारपासून चहा न्हाई, त्याचं काय!"

पंपावरचा माणूस हसला. मी हसलो नाही. हसलो असतो तर तिला आणखी चेव आला असता.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हापासून ती पोरापोरींचे डबे करायची. धर्माबाद, भोकर, अर्धापूर, कुठून कुठून लेकरं डॉक्टर व्हायला येतात, आणि इथं आल्यावर त्यांना पहिल्यांदा कळतं की आईच्या हाताला चव होती. हिच्या डब्यावर मात्र सगळी खूश. तक्रार एकच. एका पोरीनं तोंडावर सांगितलं, "काकू, वरण झकास, पण डबा उघडला की गॅरेजात जेवायला बसल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून हिनं बॅटरीच्या गाडीचा धोशा लावला.

मी म्हणायचो, "अन् लाईट गेली तर? ढकलत नेऊ का?"

"लाईट गेल्यावर तुमचा पंप तरी चालतो का? मागल्या उन्हाळ्यात हात हलवत परत आलेले ध्यानात हाय मला. टँकरवाले संपावर गेले तवा तुम्ही लाईनीत, अन् माझा भात डब्यात गार. तेल यायचं परक्या मुलखातून जहाजात बसून. तिकडं कोणी भांडलं की इथं माझ्या डब्याला उशीर. लातुरात पाणी नसंल, पण ऊन किती हाय! पत्र्यावर सोलर टाका, गाडी घरच्या उन्हावर चालंल."

हे सगळं तिला क्लासच्या पोरींनी शिकवलेलं. ती त्यांना भाकरी द्यायची, त्या तिला अक्कल द्यायच्या, आणि दोन्हीचा भार माझ्यावर.

पण डिझेल माझ्याकडून का सुटत नाही, हे तिला माहीत होतं. भूकंप झाला त्या पहाटे आम्ही गावाकडं होतो. मी तेव्हा दुसऱ्याची जीप चालवायचो. भिंत पडली आणि हिचा पाय दगडाखाली गेला. ओढून काढलं, जीपमध्ये टाकलं, तर जीपमध्ये डिझेल नाही. मालक रोजच्या फेरीपुरतंच टाकायचा. मग एका ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घातली आणि तोंडानं ओढलं. थोडं पोटातही गेलं. दवाखान्यापर्यंत ओकत ओकत गाडी चालवली. तिचा पाय वाचला. त्यानंतर मी टाकी कधी अर्ध्याच्या खाली येऊ दिली नाही. लोक देवाला नवस बोलतात, मी पंपाला बोललो.

ती म्हणायची, "एकदा उपकार झाले त्याचे. म्हणून काय जन्मभर धूर खायचा?"

टमटमचा आवाज तुम्हाला माहीतच असेल. मागच्यानं बोललेलं पुढच्याला कळत नाही. म्हणून ती मागून काही बोलली की मी आपलं "हाव" म्हणून मोकळा व्हायचो. पण ती माझ्या वरताण. घरात मी जे कबूल करणार नाही, ते ती चालत्या गाडीत विचारायची. आमची पोरगी नांदेडला द्यायची, हे असंच ठरवून घेतलं. मी घरी चिडलो, तर म्हणाली, "तुम्हीच हाव म्हणालात की, गंजगोलाईपाशी." जावई चांगला निघाला, त्यामुळं मला भांडायलाही जागा राहिली नाही.

त्या संध्याकाळी पंपावरून निघाल्यावर ती मागून बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी हाव म्हणालो.

घरी भाकरी थापताना म्हणाली, "मग उद्या सकाळी जायचं ना?"

"कुठं?"

"बॅटरीची गाडी घ्यायला. हाव म्हणालात की."

"इंजिन चालू असतानाचं हाव धरायचं नसतं."

"बरं. मग नांदेडची पोरगी माघारी आणू का?"

मी जेवलो आणि झोपलो.

पहाटे ती चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. मी चावी घेऊन धावलो. टमटम दारात, तोंड रस्त्याकडं, टाकी काठोकाठ. तिला उचलायला वाकलो, तर सगळं आटोपलं होतं. शेजाऱ्यानं माझ्या मुठीतून चावी काढून घेतली. टाकी भरलेली असली की माणूस हातचं जात नाही, असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.

तेरवीच्या दिवशी पोरगी म्हणाली, "आबा, शेजारच्या मावशी डबे चालू ठेवते म्हणतात. पोचवायचं तुम्ही बघा. पण ती टमटम..." मला दुसरंच लागून राहिलं होतं. त्या संध्याकाळी बायको मागून काय म्हणाली ते मी ऐकलं नव्हतं, हे खरं. पण हाव तर म्हणालो होतो. आणि दिलेला शब्द मागं घ्यायचा तर ज्याला दिला त्याच्याशी भांडून घ्यावा लागतो. आता भांडू कुणाशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी टमटम घेऊन बॅटरीच्या गाड्यांच्या दुकानात गेलो. विकणारा चार्जिंगचं, गॅरंटीचं काय काय सांगत होता. मी म्हणालो, "ते राहू द्या. आधी फिरवून आणा. तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

"काका, ड्रायव्हर तर तुम्ही!"

"म्हणूनच म्हणतो."

रस्त्याला लागल्यावर मी मागून, घरात बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणालो, "डावीकडं घ्या." त्यानं मान न वळवता गाडी डावीकडं घेतली. परत आलो, त्यानं दाखवलं तिथं सही केली आणि टमटमची चावी त्याच्या टेबलावर ठेवली.