बक्कलाखालचा लाल टाका

त्या पट्ट्याची केस मी विसरलेले नाही. सातवी शिकून मी पोलिसात शिपाई झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले. ही तर साधी चोरी होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडच्या एका दुकानदाराने ठाण्यात फोन केला, पट्टा घेऊन पळताना एक बाई पकडलीय. मी तिला घेऊन आले. पन्नाशीची, देवळाली कॅम्पात धुणीभांडी करणारी. पट्टा तिने पोटाशी धरला होता. सोडवताना माझे हात दुखले.

"घरात कोण घालतं असले पट्टे?"

"कोनी नाय."

"मग विकणार होतीस?"

"बाई, हा माझ्या मालकानं केलाय. काचंत बघितला, हात वळखला."

नवरा कॅम्पात जवानांचे पट्टे शिवायचा. बाजारात तयार माल आला आणि धंदा बसला. एकदा ही रागात बोलून गेली, "तुमच्या हाताला आता कोन विचारतंय?" तो उठून गेला, तो परतलाच नाही. दोन वर्षं झाली होती. नातेवाईक म्हणत, कुंकू पूस आता. ही ऐकत नव्हती.

तक्रार द्यायला ठाण्यात आलेला दुकानदार हसला. "मॅडम, हा परदेशी डिझायनर माल आहे. संपूर्ण हाताने केलेला. हिचा नवरा काय परदेशात बसलाय?"

पकडलेला माणूस गोष्टी रचतो, हे मला ठाऊक होतं. मी खूण विचारली.

"बक्कलाखालची घडी उसवा. आत एक लाल टाका हाय. शेवटचा टाका ते वणीच्या देवीच्या नावानं घालायचे."

या पट्ट्यात तिने डोकावलं असेल, म्हणून मी दुकानातून न उघडलेल्या खोक्यातला दुसरा पट्टा मागवला. ब्लेड लावताच दुकानदार ओरडला, "अहो, नवा माल आहे!" घडी उघडली. आत लाल टाका होता.

आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, हाताने केलाय म्हणता ना? मग तो हात दाखवा."

मग पंचवटीतल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता मिळाला. परदेशी लेबल शेठ स्वतःच लावत होते. तक्रार त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतली.

मी बाईला जीपमध्ये घातलं. शेडमध्ये तो चामड्यावर वाकून बसला होता. अगदी जवळ गेल्यावर त्याने तिला ओळखलं. तिने त्याच्या हातातला पट्टा उलटा करून पाहिला.

"टाका वाकडा पडलाय," ती म्हणाली.

"दिसत नाय आता नीट."

"मग घरी यायचं. दोरा मी ओवला असता."

तिने पदर खोचला, त्याच्या शेजारी बसली आणि दोऱ्याला मेण लावू लागली. मी बाहेर आले.

ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, आरोपीला घ्यायचं ना?"

"कोण आरोपी? जा, चहा पिऊन ये."

आता नातवंडं मला विचारतात, पट्टा खरंच हाताने केलाय हे कसं ओळखायचं, घ्यायचा कुठून? मी सांगते, लेबल वाचू नका. पट्टा उलटा करून बघा, मागचे टाके बघा. आणि जमलं तर जो शिवतो त्याच्याच समोर बसून घ्या. काचेआड माल दिसतो, माणूस दिसत नाही.

तपासाचं म्हणाल, तर त्या केसचा तपास त्या बाईनेच केला. आम्ही फक्त जीप दिली.