मचूळ पाण्याचे शुक्रवार

माझी थोरली जाऊ नोफा आधीच हट्टी, मुलगा गेल्यावर आणखी हट्टी झाली. मुतलक सतरा वर्षांचा होता. शेळ्या काढायला कोरड्या ओढ्यात उतरला आणि वर कुठंतरी पडलेल्या पावसाचा लोंढा त्याला घेऊन गेला. प्रेत सापडलं नाही. कबर नाही, म्हणजे शुक्रवारी पाणी शिंपडायला जागाही नाही.

जागा तिनं स्वतःच शोधली. तंबूंमागच्या तांबड्या कातळावर मुतलकनं चाकूनं आपलं नाव कोरलं होतं आणि खाली एक उंट. उंट कसला, गाढवच वाटायचं ते. दर शुक्रवारी टँकरच्या गोड्या पाण्याचा डबा घेऊन ती ते नाव धुवायला जायची. टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, त्यामुळं मी वैतागले.

"विहिरीचं मचूळ पाणी ने की," मी म्हणाले. "दगडाला कुठं चव कळते?"

माझं म्हणून तिनं जन्मात ऐकलं असेल तर एवढंच.

नऊ वर्षं तिनं विहिरीचं पाणी वाहिलं. कातळावर पांढरा खार फुटायला लागला, तर म्हणायची, पोराची जागा उजळतेय. तो खार ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडक्याला तांबडी वाळू लागायची. आधी उंटाचे पाय गेले. मग नावाचं पहिलं अक्षर पोपडा होऊन तिच्या तळहातावर आलं, पुढं दुसरंही. ती वाऱ्याला शिव्याशाप द्यायची. तिच्याबरोबर मीही द्यायचे.

यंदा शेळ्यांचा हौद दुरुस्त करायला अवाद गवंडी आला. नोफानं त्याला कातळापाशी नेलं आणि उरलेली दोन अक्षरं तेवढी वाचव म्हणून विनवलं. त्यानं कातळावरून बोट फिरवून जिभेला लावलं, आणि धुवायला पाणी कुठलं वापरता ते विचारलं. नोफानं सांगितलं.

"मावशी, वाऱ्याला एवढं खायला शंभर वर्षं लागली असती," तो म्हणाला. "खारं पाणी दगडात मुरतं. पाणी सुकतं, मीठ आतच राहतं. तेच साठत जातं आणि आतून एकेक कण सुटा करतं. आता हात लावू नका, पाणीही घालू नका."

शेजारीच आमच्या आजेसासऱ्यांनी कोरलेली टोळीची खूण होती. ती कधी कुणी धुतली नव्हती. तिच्या कडा अजून बोटाला टोचत होत्या.

मचूळ पाण्याचा सल्ला कुणाचा, हे नोफानं गवंड्याला सांगितलं नाही. परतताना तिला मुतलकची आई म्हणून हाक मारत शेवटी मीच म्हणाले, "उम्म मुतलक, हे माझ्यामुळं झालं."

तंबूपाशी आल्यावर ती म्हणाली, "तू सांगितलंस, फिद्दा. पण चोळून चोळून धुतलं ते मीच ना."

भाकरीत मीठ जास्त झालं तरी तीस वर्षं मला घालूनपाडून बोलणारी बाई ती. त्या दिवशी तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मला त्या फार हव्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी टँकरचं गोडं पाणी भरून मी तिच्याबरोबर गेले. कातळासमोर आम्ही दोघी उन्हं चढेपर्यंत बसलो. डबा भरलेलाच होता, आणि तो कुठं ओतायचा हे आम्हाला कळत नव्हतं.