सुपारीएवढ्या गुळाची बाजू

विद्वांसकाका गेल्याचं मला चकोल्यांच्या पानावर कळलं. इंटरनेटवर मराठी पाककृतींचा एक खुला कोश आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, आणि प्रत्येक पाककृतीमागे भांडायला एक चर्चापान. त्या पानावर काकांच्या खात्यावरून त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं, 'बाबा गेल्या आठवड्यात गेले. इथे कुणाला त्यांचं उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर क्षमस्व.' खराडीच्या ऑफिसात मी डबा उघडून बसले होते. तो तसाच बंद केला... कुणाचं उत्तर बाकी ठेवणारा माणूसच नव्हता तो.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी यवतमाळची. नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा खराडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि मी खोलीवर नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. कोशात 'चकोल्या' असं पान दिसलं. म्हणजे आमची वरणफळं; कणकेची पोळी लाटून तिचे तुकडे उकळत्या वरणात शिजवायचे. कौतुकानं वाचत गेले, तर पुढे लिहिलेलं, 'सुपारीएवढा गूळ घालावा.' डोकंच फिरलं माझं! आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "गूळ? कायले वं टाकतेत त्यात?" झालं. मी ती ओळ उडवली आणि चर्चापानावर ठणकावलं, 'महाराष्ट्र पुण्यात सुरू होऊन पुण्यातच संपत नाही. वरणाचा पाक करू नये.' यातलं पहिलं वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

आता खास पुणेरी टोमणा येणार म्हणून मी बाह्या सरसावून बसले. दुसऱ्या दिवशी ती ओळ लिहिणाऱ्या विद्वांसकाकांचं उत्तर आलं: 'आपलं म्हणणं असं दिसतं. वऱ्हाडात या पदार्थात गूळ घालत नाहीत, लसणाची फोडणी वरून घेतात, आणि एका शहराची चव सगळ्यांची म्हणून लिहिली की बाकीच्यांची पुसली जाते. बरोबर मांडलं का? मांडलं असल्यास मग माझं सांगतो.' अहो, लसणाच्या फोडणीचं मी लिहिलंच नव्हतं! ते त्यांनी कुठूनसं शोधून माझ्या बाजूला घातलं होतं. माझंच म्हणणं, माझ्याहून नीट... अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा? मी मुकाट्यानं 'हो' लिहिलं.

काकांची ती रीतच होती. कोशावर पोह्यांतल्या बटाट्यावरूनसुद्धा लोक हमरीतुमरीवर यायचे. काका आधी समोरच्याचं म्हणणं लिहून दाखवायचे आणि तो 'हो' म्हणेपर्यंत स्वतःचा चकार शब्द काढायचे नाहीत. निम्मी भांडणं तिथेच विझायची. उरलेली निदान पदार्थाबद्दल राहायची.

पुढे एका रविवारी त्यांनी नारायण पेठेतल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. मी 'सर' म्हटलं, तर म्हणाले, "सर नको. माझी शाळा नव्हती." गॅसवर दोन पातेली होती. "हे तुमचं, हे माझं. मिसळू नका." जेवताना कळलं, काकू गेल्यावर ते स्वयंपाक शिकले होते. काकूंच्या हातची चव कशातच उतरत नव्हती. एक दिवस चकोल्यांत गूळ थोडा वाढवला, आणि ती चव ताटात आली... मी लगेच म्हटलं, "काका, राहू दे तुमचीच ओळ. मी हरकत काढून घेते."

ते एकदम ताठ बसले. "अजिबात नाही! मी विधुर आहे म्हणून वरणातला गूळ बरोबर ठरत नाही. हरकत मुद्द्यावर घ्यायची, मुद्द्यावरच सोडायची. भात वाढू?"

पानावर मग दोन्ही रीती शेजारीशेजारी राहिल्या. पुढची कित्येक वर्षं आम्ही इतर पानांवर वाद घालत राहिलो. 'आपण'चं 'अगं' कधी झालं, कळलंही नाही. या परक्या शहरात माझ्यावर इतकी माया कुणी केली नाही, आणि माझ्याशी इतकं असहमतही कुणी झालं नाही.

परवा कोशावरच्या कुणा नव्या सदस्यानं ती गुळाची ओळ उडवली. वर लिहिलं, 'वरणात गूळ म्हणजे निव्वळ अत्याचार.' हरकत घेणारं आता कुणी नव्हतं. माझीच बाजू जिंकत होती, आणि मला रडू फुटलं. डोळे पुसले आणि टाइप केलं, 'आपलं म्हणणं असं दिसतं...' लसणाच्या फोडणीसकट सगळं मांडलं. त्यासाठी मला विचार करावा लागला नाही. माझंच होतं ते.

थोड्या वेळानं उत्तर आलं, 'हो, अगदी बरोबर. आता तुमचं सांगा.'

माझ्या घरी आजही वरणफळांत गूळ पडत नाही. काकूंबद्दल लिहावं असं फार वाटलं. पण काकांना ते चाललं नसतं. म्हणून चिंचेच्या आंबटपणाला, गोड्या मसाल्याला गूळ कसा सांभाळून घेतो, ते मुद्द्याला धरून लिहायला घेतलं.