हौशी आणि दिल्लीचा पेपर

करवंदपाड्याच्या हौशीला साहेब नावाच्या जमातीचा मनापासून तिटकारा होता, आणि तो ती लपवतही नसे. तिच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. तलाठी असो, ग्रामसेवक असो, खोडाळ्याच्या बाजारातला व्यापारी असो, सगळ्यांना सरसकट ‘तू’, आणि रंगात आली की ‘मेल्या’. नागली मापताना व्यापाऱ्यानं हात जरा जास्त हलवला, की "मेल्या, माप भरतो का पोर झुलवतो?" असं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायची. नवरा पावसाळा सोडला तर भिवंडीकडं वीटभट्टीवर. घर, शेत, दोन शेळ्या आणि एकुलता एक फागू, एवढा कारभार ती एकटीच रेटायची.

तिटकारा उगाच नव्हता, बरं का. पाड्यांवर पोरं मरत होती तेव्हा इकडं कुत्रं फिरकलं नव्हतं. मग त्या बातम्या पेपरात आल्या आणि त्र्याण्णव साली मोखाड्याच्या रस्त्यांवर जीपाच जीपा. करवंदपाड्यावरही एक आली. त्यातून यादी उतरली, लटकता काटा उतरला. पोराला फडक्यात घालून काट्याला टांगायचं, दंड मोजायचा, कुपोषणाची श्रेणी लिहायची. फागू तेव्हा दीड वर्षाचा, वजन पाच किलो. चौथी श्रेणी, म्हणजे शेवटची. "हे काही आठ दिवस काढत नाही," जीपमधून उतरलेला साहेब शेजारच्या माणसाला म्हणाला. चांगला स्पष्ट मराठीत म्हणाला, जणू हौशी म्हणजे कुडाला टेकवलेलं मुसळ.

चौथ्या श्रेणीची चार पोरं जीपमध्ये घालून नेली. दोन परत आली. शेजारच्या सोनीचं आलं नाही. फागू पाचवा जायचा होता, पण हौशी त्याला पाठीला बांधून मागच्या वाटेनं रानात पसार झाली होती. नागलीची आंबील आणि शेळीचं दूध चमच्याचमच्यानं घशाखाली उतरवत तिनं त्याला जगवलं. त्या साहेबाचं तोंड पुन्हा कधी दिसलं नाही, हे त्याचं नशीब.

दोन हजार दोन साली हाच फागू पाचवीत होता. फेब्रुवारीत गोकुळ गुरुजी घरोघर फिरून पाचवीच्या पोरांची नावं, वयं, जन्मतारखा लिहून घेऊ लागले. साखरशेतच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, माणूस सोन्यासारखा, पण एखादी गोष्ट सोपी करून सांगितली तर पगार कापतील अशी त्यांची समजूत. "देशपातळीवरील संपादणूक सर्वेक्षण आहे," त्यांनी हौशीला सांगितलं. "दिल्लीचा आदेश आहे. उद्या जीप येईल. आपली मुलं कुठं कमी पडतात ते कळेल."

यादी, जीप, आणि कमी पडणारी पोरं. हौशीला एवढं पुरलं.

पटावर पाचवीची एकवीस पोरं. त्यांतली अकरा आईबापांबरोबर वीटभट्टीवर. उरलेली दहा सकाळी शाळेत यायची होती. जीप आली. डी.एड. कॉलेजची जयश्री नावाची विशीतली पोरगी सीलबंद पाकीट छातीशी धरून उतरली, वर्गात गेली, तर तिथं गोकुळ गुरुजी, एक खुर्ची आणि एक फळा. दिल्लीला मोजण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

गुरुजी धापा टाकत डोंगर चढले. वर हौशी दहाही पोरांना गोल बसवून करांद्याचे कंद भाजून घालत होती. बाकीच्या आयांनी पोरं स्वतःहून तिच्या हवाली केली होती.

"हौशीबाई, मुलांना खाली आणा. संपादणूक चाचणी आहे."

"काटा कुठं हाय?"

"कसला काटा?"

"गुरुजी, मला नको शिकवू. मागं वजन मोजलं, आता डोकं मोजाल. कमी भरलं का घालाल जीपमध्ये. मी काय आंधळी हाय?"

चाचणीचं परिपत्रक तीन पानी होतं, पण याचं उत्तर त्यात कुणी लिहिलं नव्हतं. शेवटी तेही मातीत बसले आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा साधं बोलले. "नुसता कागद हाय. चारातलं बरोबर उत्तर शोधायचं नि त्याला गोल करायचा. जेवायला पोरं घरी. कुणाला कुठं नेणार नाय. माझी हमी."

"तुझी हमी घाल चुलीत. जीपची चावी दे."

खाली आल्यावर ड्रायव्हर कुरकुरला, "सरकारी गाडी हाय, आई."

"मग सरकारला सांग, चावी हौशीकडं हाय, मेल्या!" चावी तिच्या कमरेला खोचली गेली, तेव्हा कुठं पोरं वर्गात शिरली.

जयश्रीनं एकेकाला लांब लांब बसवलं. हौशी दारातच उकिडवी बसली.

"मावशी, बाहेरच्यांना परवानगी नाही."

"मी बाहेरच हाय. उंबरा बघ, माझ्या पुढं हाय."

यावर जयश्रीजवळ नियम नव्हता. पेपर सुरू झाला. पेपर काढणारे थोरच म्हणायचे! आगगाडीचं वेळापत्रक देऊन विचारलं होतं, कुठली गाडी आधी पोचेल. इथं पोरांना एस.टी. वेळेवर आली तरी नवल वाटायचं. तरी पोरं खाली मान घालून गोल करत होती. आईकडं बघ रे एकदा, म्हणून हौशी टक लावून बसली, तर फागू ढुंकून बघेना. पेन्सिल चावत, बोटं मोडत, स्वतःशीच हसत हा गडी चक्क मजेत होता. हौशीला त्याचा थोडा रागच आला.

वेळ संपली. पेपर गोळा झाले. जयश्री ते पाकिटात घालणार तोच फागू टेबलापाशी गेला.

"बाई, माझं किती बरोबर आलं?"

"ते इथं नाही कळत. हे सगळं दिल्लीला जाणार. तिथं देशभरातल्या मुलांची सरासरी काढतात. एकेकाचा निकाल नसतो."

"म्हणजे माझं नाव नाय येणार?"

"कुणाचंच नाही."

नाव नाही म्हटल्यावर हौशीचा जीव भांड्यात पडला. ती चावी काढायला कमरेकडं हात नेते न नेते तोच फागू म्हणाला, "मला येत होतं ना. मग मी कशाला लिवलं?"

तो रडला नाही. तसाच उभा राहिला, मान खाली घालून. नऊ वर्षं हौशी याला यादीपासून लपवत आली होती आणि पोरगं यादीत नाव हवं म्हणून हटून बसलं होतं. तिनं चावी आणखी आत खोचली.

"बाय, त्याचा कागद वाच."

"मावशी, नियम नाही. माझ्यावर येईल."

"मग राहा इथंच. रात्री नागलीची भाकर देईन. अंथरायला गोणपाट हाय."

जयश्रीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींना खिडकीबाहेरच्या बाभळीत एकाएकी फार गोडी वाटू लागली. शेवटी तिनं फागूचा पेपर ओढला. उत्तरांची यादी तिलाही दिलेली नव्हती. एकेक प्रश्न स्वतः सोडवून ताडायचा. तेहतिसाव्यावर तिची आणि गुरुजींची जुंपली. दोघांची उत्तरं वेगळी आणि दोघंही ठाम.

"चाळिसातले अठ्ठावीस," ती म्हणाली. "तेहतिसावा धरला तर एकोणतीस."

"धर," हौशी म्हणाली.

"एकोणतीस म्हणजे फार छान आहेत, मावशी. खरंच."

फागूचा चेहरा उजळला. आई आता पाठीवरून हात फिरवणार म्हणून सगळे बघत राहिले. हौशीनं चावी टेबलावर आपटली, पोराचा कान धरला आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडली, "आन् बाकीचे अकरा कुठं घातलेस रे, मेल्या?"

फागू कान सोडवून पळत सुटला. हौशी जागच्या जागी मटकन बसली, दोन्ही हात तोंडावर दाबून. जगातल्या झाडून सगळ्यांना ती ‘मेल्या’ म्हणत आली होती, पण काट्यावर टांगून साहेबानं ‘आठ दिवस’ म्हटलं त्या दिवसापासून फागूला तो शब्द तिनं आज पहिल्यांदाच लावला होता.