काखेतली बाटली

बाजरी अर्धीच कांडून झाली होती. धाकटा दीर गांबो मोटरसायकल बाहेर लावून दुधातला बाजरीचा फुरा प्यायला उखळापाशी टेकला होता. डावा हात अंगाशी घट्ट, कारण काखेत बाटली होती: शेजारच्या इरोच्या धाकट्या मुलीच्या कण्यातलं पाणी. सुईची औषधं बर्फातून न्यायची, पण हे पाणी उबेत. गारठलं की आतला जंतू मरतो आणि झिंदरच्या प्रयोगशाळेला वाचायला काही उरत नाही. थंडीच्या वाऱ्यात गांबो नऊ वर्षं दवाखान्याच्या अशाच बाटल्या नेतोय.

"भावजी, अंड्यावरच्या कोंबडीसारखे दिसताय," मी म्हटलं.

"कोंबडीला निदान दाणे तरी घालतात, वहिनी."

इतक्यात इरो आला, सलाम न करता, थेट बायकांच्या अंगणात. मागे चौघे. त्याची थोरली सोमवारी गेली, धाकटी नुकतीच, पहाटे. दोघींना गेल्या वर्षी मेंदूज्वर टाळायची सुई मिळाली होती. रांगेत गांबोनेच उभं केलं होतं.

"सुईने मारलंस, आता पोरीचं पाणी विकायला निघालास?"

"इरो, हे वाचलं तरच कळेल की सुई का..."

त्याने माझ्या हातातलं मुसळ हिसकलं. पहिला घाव डाव्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गांबो उजव्या हाताने तोंड झाकत होता, बाटलीपायी डावा उचलेचना. पुढचे दोन घावही तिथेच बसले. चौघांनी त्याला लाथांनी तुडवलं. दात बाजरीत पडला. मी इरोच्या मनगटाला रक्त येईतो चावले, अल्लाह मला माफ करो.

माझे मालक धावत आले तेव्हा ते पांगले. बाटली काढली, तर रक्ताने माखलेली, पण अख्खी आणि कोमट. ती आपल्या काखेत घालून मालक झिंदरला गेले. मी मुसळ धुतलं आणि बाजरी कोंबड्यांना टाकली.

नवव्या दिवशी सरपंचांच्या अंगणात झिंदरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जंतू जिवंत पोहोचला. त्याच्या जनुकांचं अक्षरन् अक्षर वाचलं. सीमेपलीकडच्या तीन गावांत माणसं मारणाऱ्या जंतूचाच हा सख्खा भाऊ. गेल्या वर्षीची सुई दुसऱ्या जातीच्या जंतूवरची, याला ती लागूच पडत नाही. याची सुई शुक्रवारी येतेय. तोवर प्रत्येक नव्या रोग्याचं पाणी पाठवायचं, जंतू बदलला तर कळायला हवं.

इरो मागे उभा होता. "म्हणजे सुईने नाही मारलं," एवढंच म्हणाला.

आज फज्रच्या, पहाटेच्या नमाजानंतर दारात तीनदा सलाम झाला. इरोच होता, मान खाली.

"मालम गांबो आहेत का? हारुनाची मान ताठलीय. दवाखान्यात नेलंय."

मालम, म्हणजे गुरुजी, म्हणाला तो गांबोला. हारुना इरोचा उरलेला एकुलता एक.

गांबोचा जबडा अजून सुजलेला, हात झोळीत. 

"उजवी काख शाबूत आहे," तो म्हणाला.

मालकांच्या मागे मोटरसायकलवर बसून तो आता दवाखान्यात गेलाय, हारुनाची बाटली घ्यायला.